मागच्या खोलीपर्यंत गरम पाणी

३ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही की तुम्ही "हो, हो" म्हणता. मागच्या वेळी मी विचारलं गुडघा कसा आहे, तर म्हणालात, "हो, पोचलं." काय पोचलं ते तुमच्या लेकीला, ताईंनाही कळलं नाही.

तुमची नात आज सतरा दिवसांची झाली. सात आठवडे आधी आली, म्हणून अजून दवाखान्यातच आहे, काचेच्या पेटीत. वजन एक किलो सातशे. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन किलो भरली की घरी न्या. पण जी खोली तिला देणार ती दिवसरात्र बावीस अंशांवर राहिली पाहिजे. नर्सबाई घरी येऊन थर्मामीटर लावून बघणार आणि मगच सोडणार. माझ्या शिवणाच्या खोलीत कापडाचे तंतू उडतात, ती बाद. पुढच्या खोलीत दार उघडलं की वारा. तेव्हा एका खोलीत बॉयलरची लाइन न्यायची आणि खिडकीखाली रेडिएटर बसवायचा, असं ठरलंय.

थंडी सुरू झाल्यापासून एक फिटर मोकळा नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, मीच करतो. शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, घरातला बल्ब बदलताना दोनदा पुस्तक उघडून बघतो. तुम्हाला विचारूया म्हटलं की मूग गिळून बसतात. मागच्या हिवाळ्यात तुम्हा दोघांत जे झालं ते झालं, पण माझी मुलगी त्यात का अडकावी? म्हणून हे पत्र त्यांच्या नकळत लिहितेय. उत्तर घरी पाठवू नका, मी ज्या दुकानाचं शिवण घेते तिथल्या पत्त्यावर पाठवा.

बॉयलरकडून येणारी जुनी लोखंडी लाइन मी टेपने मोजली. सव्वातीन इंच भरली, किंचित जास्तच. तर सव्वातीन इंचाचे जोड घ्यायचे ते लोखंडी, पितळी की तांब्याचे? दुकानदार म्हणाला, सगळं सारखंच, तुम्हाला काय आवडतं ते घ्या. मी काय बांगड्या घ्यायला गेले होते?

तुमची सून


७ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

सव्वातीन इंच? अगं, एवढ्या पाइपातून अख्ख्या गल्लीला पाणी जातं. तो रस्त्याखाली पुरतात, घरात नाही. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं, मग डोक्यात प्रकाश पडला. तू टेप पाइपभोवती गुंडाळलीस. तू पाइपची कंबर मोजलीस. चाळीस वर्षं हे काम केलं, पण पाइपला झगा शिवायला निघालेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

लोखंडी पाइपचं नाव आतल्या पोकळीवरून पडतं. तुझा तो पाऊण इंची आहे. तांब्याचं उलट, त्याचं माप बाहेरून, तेही मिलीमीटरमध्ये. एकाचं आतून आणि दुसऱ्याचं बाहेरून असं का, ते मला विचारू नकोस. ज्यांनी ठरवलं त्यांना जोड बसवावे लागले नसतील.

आता धातूचं. "सगळं सारखंच" म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला माझ्यासमोर उभा कर. जुनी लाइन लोखंडी आहे, नवी तांब्याची घ्या, वाकवायला आणि कापायला सोपी. पण लोखंड आणि तांबं एकमेकांना थेट लावायचं नाही. पाण्यात दोघांचं पटत नाही, तांबं हळूहळू लोखंडाला खातं. मध्ये पितळ हवं, मध्यस्थासारखं. जोड सगळे पितळी घ्या. आणि पितळ म्हणजे पितळ. हल्ली हलक्या धातूवर चकचकीत मुलामा देऊन गळ्यात मारतात. हातात घेऊन वजन बघायचं, कानशीने कडेला खरवडायचं. आतून पिवळं निघालं तर घ्यायचं, पांढरं निघालं तर तिथल्या तिथे परत.

लाइन कुठून कुठे जाणार त्याचं चित्र काढून पाठव. त्याशिवाय किती जोड लागतील ते मला स्वप्नात दिसणार नाही. पोरीचं वजन दर पत्रात लिहीत जा. आमच्या चिरंजीव राजेंना काही विचारायचं नसेल तर नको विचारू दे.

बाबा


११ नोव्हेंबर

ती. बाबा,

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी हे पिशवीभर जोड घेऊन आले. आरशासारखे चमकत होते. मला म्हणाले, बघ, किती छान फिनिशिंग आहे. पत्र वाचल्यावर मी एक उचलला, तर तो माझ्या कात्रीपेक्षा हलका. हे शाळेत गेल्यावर कानशीने खरवडला. पांढरा. दुसरा खरवडला, पांढरा. तिसऱ्यापासून मी नुसतीच बघत बसले.

आता यांना सांगायचं कसं? मला हे कळलं कुठून? शेवटी मी म्हणाले, शिवणाच्या गिऱ्हाइकांत एका बाईचा नवरा फिटर आहे, तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसली की माणूस फार तपशील देतो. मी त्या नवऱ्याला मिशासुद्धा लावल्या. हे ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, बरं.

परत द्यायला मीच गेले. दुकानदार म्हणतो, खरवडलेला माल घेत नाही. म्हटलं, खरवडल्याशिवाय कळणार कसं? तर म्हणे, मग खरवडायचं कशाला. तासभर डोकं फोडलं, तेव्हा पिशवी ठेवून घेतली आणि बदल्यात दिलं काय, तर बाथरूमचे नळ. मी ते तिथेच त्याच्या काउंटरवर ठेवून आले. दवाखान्यात जायची वेळ त्यात चुकली. नर्सबाई म्हणाल्या, आज तुमच्याशिवायच दूध पाजलं. घरी येईपर्यंत माझा जीव नुसता चडफडत होता.

वजन एक किलो आठशे दहा.

सोबत चित्र जोडलंय. बोळातून जाणाऱ्या लाइनला एका जागी दोन बंद तोंडं आहेत, त्यांवर टोप्या बसवल्यात. तिथून लाइन घ्यायची असं हे म्हणतात.

बाबा, तुम्ही या ना. दोन दिवसांचं काम. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी मला धीर येईल.

तुमची सून


१५ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

चित्र पाहिलं. बोळातली दोन बंद तोंडं, तिथून डावीकडे वळण, तीन पावलांवर दार, समोर खिडकी. ही माझी खोली आहे हे लिहायला शाई संपली होती का? मी काय खोली काखोटीला मारून आणणार होतो? पोरीला दिलीत, चांगलं केलंत. सकाळी ऊन तिथेच येतं. पण लपवलंस, ते लागलं.

त्या टोप्या मीच बसवल्या होत्या, गेल्या हिवाळ्यात लाइनचा जोड फुटून भिंत भिजली त्यानंतर. राजेंना एकदा स्पष्ट सांग, तो जोड माझ्यामुळे गेला नाही. माल वाईट होता. दुकानातून आलेला जोड आतून चिरलेला असेल तर फिटर काय करणार?

आता नीट लिहून घे. दोन पितळी जोड असे, ज्यांच्या एका तोंडाला पाऊण इंची आटे आणि दुसऱ्या तोंडाला पंधरा मिलीमीटर तांबं बसेल. हे टोप्या काढून तिथे जातील. कोपरे सहा, जाणाऱ्या लाइनला तीन, येणाऱ्या लाइनला तीन. तेही पितळी, नट आणि आत कडं असलेले, म्हणजे झाळायची भानगड नको. नट हाताने घट्ट झाला की पान्याने एक फेरा, बस. राजे जोर लावतील आणि कडं चेपून ठेवतील, त्यांना आवर. रेडिएटरचे दोन व्हॉल्व्ह. हवा सोडायची एक चावी आणि खालच्या तोंडाला एक बूच. आट्यांवर गुंडाळायला ताग आणि वर लावायला सफेद्याचा डबा. पांढरी टेप घेऊ नका, जुन्या आट्यांवर ती टिकत नाही.

माझं येणं जमेल असं दिसत नाही. गुडघा धरलाय. बसचा प्रवास झेपत नाही, आणि इथे ताईच्या घरचं दारही दुरुस्त करायचंय. पत्रातून सांगतोच आहे की सगळं.

बाबा


२१ नोव्हेंबर

ती. बाबा,

आज मी रागात लिहितेय आणि पुन्हा वाचून न बघता टाकणार आहे.

तुमची यादी मी शिवणाच्या वहीत ठेवली होती, ती यांना सापडली. तुमचं अक्षर ओळखलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण नाही. यादी खिशात घातली, सायकल काढली आणि गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून तशीच्या तशी घेऊन आले. प्रत्येक जोडावर कानशीचा ओरखडा होता, आतून पिवळा. म्हणजे मिशीवाल्या फिटरवर त्यांचा एक क्षणही विश्वास बसला नव्हता.

पण पुढे काय? तीन दिवस झाले, जोड गळताहेत. सगळे नाहीत. कडं असलेले कोपरे सरळ बसले. ताग लावायचे तेवढेच सहा. हे ताग गुंडाळतात, वर सफेदा फासतात, जोड फिरवायला लागले की ताग आट्यांवरून सरकतो आणि झालरीसारखा बाहेर येऊन बसतो. मग उलगडायचं, पुसायचं, पुन्हा तेच. परवा दोनदा, काल तीनदा, आज सकाळी एकदा. बोळात बादली, खोलीत बादली, माझ्या कापडाच्या अर्ध्या चिंध्या फरशी पुसण्यात गेल्या. मी बोलले की हे चिडतात, आणि दोघांपैकी एकालाही पुढे काय ते माहीत नाही.

वजन दोन किलो वीस. माझी मुलगी घरी यायला तयार आहे आणि घर तयार नाही. दवाखान्याला पेटी हवी आहे, मागे दुसरी बाळं ताटकळलीत. नर्सबाई तीस तारखेला येणार. खोली गरम नसेल तर तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवणार, जायला तीन तास. रोज जाणं मला जमणार नाही. ती तिथे एकटी राहील.

आणि तुम्ही तासाभराच्या अंतरावर बसून मला यादी पाठवता. ताईंना विचारलं मी. म्हणाल्या, गुडघा ठणठणीत आहे, रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जातात, आणि दाराला काहीही झालेलं नाही. मग का येत नाही? एका माणसाने रागाच्या भरात "तुमचे हात गेले आता" म्हटलं, म्हणून? ते चुकले, शंभर वेळा चुकले. पण तुमचा मान माझ्या मुलीपेक्षा मोठा असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मी पुन्हा विचारणार नाही.

तुमची सून


२४ नोव्हेंबर

चि. सूनबाई,

हे पत्र लिहायला अख्खी सकाळ गेली आहे. आधीच्यांनाही गेली होती. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, त्याला तू म्हातारपण समजली असशील.

माझी बोटं मेली आहेत. दोन वर्षं झाली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, आता टोकांना काही कळतच नाही. डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं थरथरणारी यंत्रं हातात धरली त्याचा परिणाम, आता परत येणार नाही. पाना धरला की सुटतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, तोही ताई अर्धाच भरून देते. तिला मी शपथ घातली होती, म्हणून ती तुला बोलली नाही.

तो गेल्या हिवाळ्यातला जोड माझ्यामुळेच गेला. माल चांगला होता. तो घट्ट झालाय की नाही ते मला हाताला कळलं नाही, आणि मी झाला असं म्हणालो. भिंत भिजली तेव्हा राजे म्हणाले, तुमचे हात गेले आता. मी दुकानदाराला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. मला त्याच्या बोलण्याचा राग नव्हता. त्याला कळलं, असं वाटलं. घरातल्या घरात फिटरच्या हातून काम सुटलेलं सगळ्यांनी बघावं, हे मला नको होतं.

तर मी येऊन काय करू? उभा राहून बघू?

आता कामाचं. राजेंच्या हातातून ताग काढून घे. तो उलटा गुंडाळतोय, मला इथून दिसतंय. तू गुंडाळ. तू दिवसभर दोरा हाताळतेस, दोरा किती ओढला की बसतो आणि किती ओढला की तुटतो ते तुझ्या बोटांना माहीत आहे. हे मी तुला पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. सुचलं नाही, कारण चाळीस वर्षांत हे काम बाई करेल असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ती माझी चूक.

आधी जुना ताग पूर्ण काढ. आटे गुळगुळीत असतील तर करवतीच्या पात्याने थोडे खरबरीत कर, ताग धरून राहतो. जोड असा धर की आट्यांचं तोंड तुझ्याकडे येईल. तागाचे बारीक धागे घे, शिवायच्या जाड दोऱ्याइतके, जास्त नको. टोकापासून सुरू कर आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आट्यांच्या खाचेत बसवत ने, ताण सोडू नकोस. म्हणजे जोड फिरवताना ताग आत ओढला जातो, बाहेर येत नाही. वरून सफेदा, बोटाने. मग पाना राजेंच्या हातात दे. घट्ट करताना मागे फिरवायचं नाही, एकदा मागे फिरवलं की सगळं पहिल्यापासून.

गरम करायच्या आधी थंड पाणी भरून एक दिवस ठेवा. ताग लावलेल्या प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद. कागद ओला झाला नाही तरच बॉयलर लावा.

तुझ्या पत्राचा राग आलेला नाही. तू तेच लिहायला हवं होतंस.

बाबा


१ डिसेंबर

ती. बाबा,

मला माझ्या पत्राची लाज वाटते. पण टाकलं नसतं तर तुमचं आलं नसतं, म्हणून माफी अर्धीच मागते.

तुमचं पत्र मी यांना दिलं. तुम्हाला न विचारता. वाचून ते मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी आत गेले तर जमिनीवर बसून एकेका जोडाच्या आट्यांतून जुना ताग सुईने काढत होते. मला म्हणाले, तू गुंडाळ, मी धरतो.

सहाही जोड मी गुंडाळले. पहिला चुकला, सवयीने आपसूक उलटा हात गेला, तेव्हा हे म्हणाले, "घड्याळ, घड्याळ." वर्गात म्हणत असतील तसं. दुसऱ्यापासून हाताला कळलं. खरं सांगू, काज करण्यापेक्षा सोपं आहे. रविवारी थंड पाणी भरलं. पाच कागद कोरडे राहिले, येणाऱ्या लाइनच्या जोडाखालचा ओला झाला. मला रडूच कोसळलं. नर्सबाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. यांनी विचारलं, घट्ट करताना मी थोडा मागे फिरवला होता, त्याने होतं का? म्हटलं, बाबांनी लिहिलंय ना तसं. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा जोड उघडला, मी पुन्हा गुंडाळला. दिवसभर थांबायला वेळ नव्हता. दोन तास कागद कोरडा राहिला आणि आम्ही बॉयलर लावला.

नर्सबाई आल्या, थर्मामीटर लावला, खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बघितला. साडेबावीस. मग वाकून प्रत्येक जोडावर हात फिरवला आणि विचारलं, फिटर कोण होता? हे म्हणाले, माझी बायको.

परवा ती घरी येतेय. वजन दोन किलो दोनशे साठ. आता या.

तुमची सून


५ डिसेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र ताईला तीनदा वाचून दाखवलं. शेजाऱ्यांनाही.

दर आठवड्याला हवेची चावी अर्धा फेरा उघडायची, फुसफुस थांबून पाणी आलं की बंद. कागद महिनाभर राहू द्या. पंधरा दिवस रोज जोडांना हात लावून बघायचा, गरम झाल्यावर धातू पसरतो.

येण्याचं उन्हाळ्यात बघू. एवढ्या लहान पोरीजवळ फार माणसं नकोत, सर्दीपडशाचे दिवस आहेत. शिवाय माझी खोली आता तिची झाली, मी कुठे अडगळ करू. जरा मोठी होऊ दे. मान धरायला लागली, बसायला लागली, म्हणजे बरं.

बाबा


९ डिसेंबर

ती. बाबा,

नमस्कार. मला पत्रं लिहिता येत नाहीत. उत्तरपत्रिका तपासता येतात, आणि तुमचं पाच तारखेचं पत्र मी तसंच तपासलं. सर्दीपडसं, अडगळ, उन्हाळा. मुलं गृहपाठ झाला नाही की अशीच तीन कारणं देतात. एकच खरं कारण असलं की ते देत नाहीत.

तुमचे हात गेले, असं मी म्हणालो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. भिंत भिजली होती, मी चिडलो होतो, तुम्हाला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, म्हणून ते बोललो. ते खरं होतं हे मला हिला आलेल्या पत्रावरून कळलं. वर्षभर तुम्ही ते तसंच घेऊन बसलात. मला क्षमा करा. समोर हे मला बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहितोय. आल्यावर हा विषय काढू नका.

तुमची खाट मागच्या खोलीतच आहे, तिच्या पाळण्याशेजारी. खोली तिची झाली म्हणून तुमची राहिली नाही, असं कोणी ठरवलं?

तिला धरायची भीती वाटतेय, एवढंच ना? मलाही वाटत होती. घरी आल्यावर पहिले तीन दिवस मी तिला उचललंच नाही, आणि माझे हात शाबूत आहेत. आता जमतं. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसा, मांडीवर उशी घ्या. तिला तुमच्या हातांत देईन आणि माझे हात खाली ठेवीन. कितीही वेळ बसलात तरी काढणार नाही.

शनिवारी सकाळी तुम्हाला न्यायला येतोय. बॅग ताई भरेल.

तुमचा मुलगा